५४.६ चं लघुत्तम माप

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला व्हर्निअर कॅलिपरचं प्रात्यक्षिक असतं. त्या दिवशी मी फळ्यावर सगळ्यात आधी एकच ओळ लिहितो : लघुत्तम माप ०.०१ सेंमी. या साधनाला याहून बारीक काही दिसत नाही, असा तिचा अर्थ. तरी दरवर्षी एखादं पोरगं तीन वाचनांची सरासरी कॅल्क्युलेटरवर काढतं आणि जर्नलमध्ये गोळीचा व्यास १.९०६६७ सेंमी असा लिहून आणतं. मी तांबड्या शाईने ते खोडून १.९१ करतो आणि विचारतो, "हे पुढचे आकडे तुला कुठं दिसले?" पोरगं ओशाळतं. साधनाला जे दिसत नाही ते आपण सांगायचं नाही, हा भौतिकशास्त्राचा पहिला शिष्टाचार.

त्याच पोराच्या हातात तीन वर्षांनी आपण एक गुणपत्रिका ठेवतो. तिच्यावर ५४.६० असं छापलेलं असतं. त्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर कुठल्यातरी खिडकीतला माणूस ठरवतो की या मुलाला पुढे विज्ञान शिकता येईल की नाही. ५५ असते तर आलं असतं. यूजीसी-नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, माहितीपत्रकात तर पदव्युत्तर परीक्षेचे ५५ टक्के पूर्णांकात न बदलता हवेत, असं स्पष्टच बजावलेलं असतं. म्हणजे ५४.९ चे ५५ करायचे नाहीत. एवढा नेमकेपणा आमच्या प्रयोगशाळेतल्या तराजूलाही झेपत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विज्ञानातल्या पुढच्या शिक्षणाला, मग ते एमएस्सी असो की पीएचडी, मागच्या पदवीच्या टक्क्यांची किमान अट असू नये. मुलाला आज काय येतं याची परीक्षा घ्या, हवी तेवढी कठीण घ्या. पण परीक्षेच्या दाराआधी हा दुसरा उंबरठा कशाला?

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवल्यावर हे टक्के कसे तयार होतात ते मला आतून माहीत आहे. प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने दिले जातात. बहिःस्थ परीक्षक शेजारच्या महाविद्यालयातून येतात, पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जाणार असतो, त्यामुळे पन्नासपैकी चाळिशीच्या खाली सहसा कुणी उतरत नाही. हा भाग जवळपास सगळ्यांना सारखाच. फरक पडतो तो लेखी परीक्षेत. तिथे काही केंद्रांवर कॉपी चालते, काहींवर भरारी पथक येतं. ज्या केंद्रावर पथक आलं तिथल्या प्रामाणिक मुलाला ५४ आणि जिथे आलं नाही तिथल्या ढ मुलाला ६८ पडलेले मी पाहिले आहेत. मग पुनर्मूल्यांकन. माझ्या एका विद्यार्थिनीचा पेपर ३१ वरून ४४ वर गेला. तीच उत्तरपत्रिका, तीच शाई, तपासणारा तेवढा दुसरा. तेरा गुणांचा फरक ज्या मापात पडू शकतो, त्या मापाचं लघुत्तम माप किती धरायचं? निदान ०.०१ तरी नाही.

आणि एकूण टक्क्यांत काय काय मिसळलेलं असतं तेही पाहावं. जुन्या पद्धतीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित यांच्याबरोबर इंग्रजी आणि दुसरी भाषा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं लेकरू अकरावीला एकदम इंग्रजीत पडतं, दोन वर्षं त्याला 'टॉर्क' आणि 'मोमेंट' यांतला फरक शब्दांमुळेच कळत नाही. बीएस्सीला येईतो ते सावरतं, पण पहिल्या वर्षाचे गुण गेलेले असतात आणि ते गुण गुणपत्रिकेवर जन्मभर राहतात. शिवाय आमच्या भागात बीएस्सीला येणारी बरीच मुलं एखाद-दोन वर्षं लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये नीटसाठी रिपीटर म्हणून घालवून, हिरमुसून आलेली असतात. शिकवायला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो, त्याचं मानधन वेळेवर येत नाही आणि तो दुपारनंतर दुसऱ्या महाविद्यालयाकडे पळतो. यातलं प्रत्येक कारण एकेका मुलाला आठ-दहा टक्क्यांना पडतं. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. मोजमापात साधनाचा दोष किती आणि मोजलेल्या वस्तूचा गुण किती, हे वेगळं करावं लागतं, एवढंच.

एक उदाहरण सांगतो. २०१६ सालची गोष्ट. ११ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाच्याच अतिसूक्ष्म थरथरी, सापडल्याचं जाहीर केलं, आणि आठवड्याभरातच केंद्र सरकारने तशाच भारतातल्या वेधशाळेला, लायगो-इंडियाला, तत्त्वतः मंजुरी दिली. तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीने ती बातमी कापून प्रयोगशाळेच्या कपाटावर चिकटवली. त्याच महिन्यात तिने जॅम, म्हणजे एमएस्सी प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, दिली होती. जॅमची प्रश्नपत्रिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा स्वतः काढून भरायचा. ठोकताळ्याने काही मिळत नाही. आमच्या परीक्षेतल्या 'टिपा लिहा' आणि 'सिद्ध करा' यांच्याशी तिचं दूरचंही नातं नाही. मुलीला चांगला क्रमांक मिळाला, एका मोठ्या संस्थेत एमएस्सीला जागाही मिळाली. मार्च-एप्रिलमध्ये गावात टँकर सुरू झाले. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते त्याच एप्रिलमध्ये. वसतिगृहात आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागल्यावर मुली घरी निघून गेल्या, ही घरून परीक्षेला ये-जा करत होती, उभ्याने दोन-दोन तास. निकाल लागला, तीन वर्षांचे मिळून ५४.६. भौतिकशास्त्रात सहासष्ट, इंग्रजीत एक्केचाळीस. त्या वेळी खुल्या आणि ओबीसी प्रवर्गाला ५५ टक्क्यांची अट होती. जागा गेली.

मी त्या कार्यालयात फोन केला होता. पलीकडचा माणूस सभ्य होता. "सर, सिस्टीम घेतच नाही," म्हणाला. खरंच घेत नव्हती.

ती आज नांदेडच्या एका क्लासमध्ये गळ्यात माइक अडकवून सव्वाशे मुलांना सदिश शिकवते. माझ्यापेक्षा जास्त कमावते, आणि छान शिकवते असंही ऐकतो. त्यामुळे तिची कीव करायचं कारण नाही. पण देशाने एक कठीण परीक्षा घेतली, तीत एक मुलगी निवडली आणि मग त्याहून सोप्या, त्याहून बेभरवशाच्या परीक्षेच्या आकड्यावरून तिला परत पाठवलं. याला चाळणी म्हणायचं तर बारीक चाळणीतून गाळून झाल्यावर पुन्हा भोकं पडलेल्या चाळणीतून गाळण्यासारखं आहे.

जॅमला बसण्यापुरती टक्क्यांची अट आता राहिलेली नाही, प्रवेश देणाऱ्या संस्था आपापल्या अटी लावतात. गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या देशपातळीवरच्या परीक्षेला तर अशी अट नाहीच. तिसऱ्या वर्षातला विद्यार्थीही गेट देऊ शकतो, त्याला मागचे टक्के कुणी विचारत नाही, आणि म्हणून गेटचा दर्जा घसरला असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. म्हणजे उंबरठा काढला की घर कोसळतं, ही भीती अनुभवाला धरून नाही.

उलट आता वारं दुसऱ्या दिशेने वाहतंय. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीची वाट मोकळी केली. चांगलंच झालं. पण त्यासाठी पदवीला ७५ टक्के हवेत. चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घ्यायचा तर पहिल्या सहा सत्रांतच ७५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. म्हणजे तेव्हा आमच्याकडे आलेल्या, अकरावी-बारावीत इंग्रजीशी झटून दमलेल्या अठरा वर्षांच्या पोरापुढे पहिल्याच सत्रापासून ती रेघ आहे. पुण्यातल्या मोठ्या महाविद्यालयातल्या मुलापुढेही तीच आहे, हे खरं. पण त्याच्याकडे कायमचे प्राध्यापक आहेत, आणि सायकलवर गेलं की आयसर, आयुका, एनसीएल या संशोधन संस्था आहेत. आमच्या मुलाने संशोधन करणारा माणूस डोळ्याने पाहिलेला नसतो. संशोधन आपल्याला आवडतं का, हे कळायच्या आतच तो त्याला अपात्र ठरून बसतो. राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत आहे, ती असलीच पाहिजे. पण तिने आकडा खाली सरकतो, मापाचा दोष तसाच राहतो.

याच्यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला स्वतःलाही अस्वस्थ करतो. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो माझ्या तोंडावर मारला. ते म्हणाले, "टक्के काढून टाक म्हणतोस, पण आपल्यासारख्यांकडे टक्क्यांशिवाय होतं काय? मुलाखतीत आडनाव विचारतात. गुणपत्रिकेला आडनाव कळत नाही." ते मिलिंदमध्ये शिकलेले. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला ते महाविद्यालय काढलं, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातून बाहेर पडून दोनच वर्षं झाली होती. त्या पिढीला गुणपत्रिका हे पहिलं असं कागदपत्र मिळालं की ज्यावर पाटलाची सही लागत नव्हती. त्यांच्या बोलण्याला मी हलक्यात घेऊ शकत नाही. पीएचडीच्या मुलाखतीत काय चालतं ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. गाईडचा माणूस कोण, कुणाचा पुतण्या कोण, संस्थाचालकांचा निरोप कुणासाठी आला. उंबरठा काढला आणि सगळा निवाडा मुलाखतीच्या खोलीत सोपवला, तर ५४ टक्क्यांच्या गरीब पोराऐवजी ४८ टक्क्यांचा भाचा आत येईल.

म्हणून मी मुलाखत वाढवा असं म्हणतच नाही. निवाडा लेखी परीक्षेने व्हावा, देशपातळीवरच्या, नाव झाकून तपासलेल्या परीक्षेने. लेखीला सत्तर आणि मुलाखतीला तीस हे प्रमाण पीएचडीच्या नियमांत आहेच. मुलाखतीचे तीससुद्धा उघड्यावर आणावेत : बाहेरचा परीक्षक, सगळ्यांना तोच एक प्रश्न, आणि उत्तर फळ्यावर. मराठीत बोलायची मुभा द्यावी. नाव झाकलेली परीक्षाही आडनाव ओळखत नाही, आणि तिला पुनर्मूल्यांकनाची लॉटरीही लागत नाही. सहकाऱ्यांना हे पूर्ण पटलं नाही. "परीक्षेचे क्लास निघतील," म्हणाले. निघतीलच. निघालेतच.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण हा लेख वाचून एखादा ५१ टक्केवाला छाती फुगवून बसला असेल. गुण कमी असणं हा काही गुण नव्हे. अशा वेळी रामानुजन यांचं नाव हमखास निघतं. ते महाविद्यालयात नापास झाले होते, बरोबर. पण नापास झाले ते गणित सोडून बाकीच्या विषयांत. तुझे गणितातच चाळीस असतील आणि मुख्य विषयातल्या प्रत्येक पेपरला एटीकेटी असेल, तर ती दुष्काळाची चूक नाही, आणि क्वांटम मेकॅनिक्स तुला आडनाव किंवा गाव विचारून सूट देणार नाही. मी स्वतः बीएस्सीला ५२ टक्क्यांचा. त्या वर्षी विभागात जागा रिकाम्या होत्या म्हणून एमएस्सीला लागलो, आणि पहिल्याच सत्रात कळलं की मला अवकल समीकरणं येत नाहीत, फक्त त्यांची नावं येतात. पुढचे सहा महिने रात्री बारावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. ते कुणी टाळू शकत नाही.

पण जुना आकडा बदलता येत नाही, म्हणून शेजारी नवा आकडा उभा करावा लागतो, हे मात्र माझ्या मुलांना मी सांगत असतो. गेटचा निकाल तीन वर्षं चालतो. भौतिकशास्त्रवाल्यांना जेस्ट ही पीएचडी प्रवेशाची परीक्षा आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची स्वतःची परीक्षा आहे. अट प्रत्येक ठिकाणची वेगळी, म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, दोन महिने एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत बसायला मिळतं. एमएस्सीनंतर राष्ट्रीय प्रयोगशाळांत प्रकल्प सहायकांच्या जागा निघतात, थेट मुलाखतीला बोलावतात. ही वाट आमच्याकडे कुणाला फारशी माहीत नाही. माझा एक रसायनशास्त्राचा विद्यार्थी, पदवीला त्रेपन्न टक्के, असाच पुण्याला एका प्रयोगशाळेत लागला. दिवसभर मिश्रणातले घटक वेगळे करणारा कॉलम चालवायचा, ते वेगळे झाले का हे टीएलसीच्या प्लेटवर बघायचं, अभिक्रिया फसली की सकाळी पुन्हा मांडायची. त्याचा हात शांत होता. बापाबरोबर तुषार सिंचनाचे पाइप जोडून जोडून आलेला शांतपणा, असं तो म्हणतो. दीड वर्षाने त्याच्या प्रमुखांनीच त्याला पीएचडीला अर्ज करायला लावला. त्याच्या हाताची परीक्षा विद्यापीठाने तीन वर्षांत एकदाही घेतली नव्हती.

परभणी-नांदेडच्या मुलांनी पुणे-मुंबईकडेच डोळे लावायचं कारणही नाही. हैदराबाद जवळ आहे, रेल्वेने थेट पोचता येतं, आणि तिथल्या केंद्रीय विद्यापीठात सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सीला जाता येतं.

सावध राहायचं ते एका गोष्टीपासून. टक्के कमी असलेल्या मुलाला गाठून 'तीन हजारांत पेपर छापून देतो' म्हणणारे लोक आहेत. घाबरलेलं पोरगं पैसे देतं. पीएचडीसाठी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली आहे, आणि असला पेपर पाहून शहाणा परीक्षक हसतो.

शिफारसपत्रांबद्दल आधी माझ्या चुकीचं माप माझ्याच पदरात घालतो. परदेशी विद्यापीठं तीन पत्रं मागतात, इथल्याही चांगल्या संस्था मागतात. मी कित्येक वर्षं प्रत्येक पत्रात 'प्रामाणिक, कष्टाळू आणि नम्र' असं लिहीत आलो. हे वर्णन बैलालाही लागू पडतं. कमी गुणांच्या मुलासाठी तर ते पत्र म्हणजे गळ्यात दुसरा दगड. आता मी एकच घडलेली गोष्ट लिहितो : न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग करताना भिंगाखालचा धुळीचा कण कुणी शोधला, वाचन जुळत नसताना ते जुळवून न लिहिता मला बोलवायला कोण आलं. वाचनं न जुळवणं ही आमच्या प्रयोगशाळांत दुर्मीळ गोष्ट आहे. त्यासाठी मुलाला ओळखावं लागतं, आणि साठ मुलांच्या तुकडीत ते जमत नाही, हीसुद्धा त्याच टक्क्यांमागची एक गोष्ट.

अमेरिकेतही रेघ आहेच. चारपैकी ३.० जीपीए (सरासरी श्रेणीगुण) हा तिथल्या बहुतेक विद्यापीठांचा रूढ उंबरठा. आपल्या तीन वर्षांच्या पदवीचाही तिथे प्रश्न येतो. पण एखादा अर्जदार विभागाला हवाच असेल, तर विभाग कारणं लिहून विद्यापीठाकडे अपवाद मागू शकतो. त्या रेघेला एक खिडकी आहे, आणि खिडकीशी सही करणारा माणूस बसलेला आहे. आमच्याकडे 'सिस्टीम घेत नाही.' सगळी अट एकदम काढायचं धाडस नसेल, तर निदान हे तरी करता येईल : परीक्षेत ठरावीक गुणांच्या वर असलेल्याला टक्क्यांची अट लागू नाही, असा एका ओळीचा नियम. त्यात कुणाची सहीही लागणार नाही, म्हणजे वशिल्याचीही भीती नाही.

दुधाळ्याला, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, मराठवाड्याच्या काळ्या मातीत. जगात अशी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते चालवायला माणसं लागतील, आणि ती पुण्याहून, इंदूरहून, गांधीनगरहून येतील, यावीतही. माझा प्रश्न एवढाच की औंढ्याची पोरं त्या फाटकाच्या कोणत्या बाजूला असतील.

गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन औंढ्याला गेलो होतो. मंदिर पाहिलं, लायगोची जागा रस्त्यावरून लांबूनच दाखवली. परतताना एसटीत शेजारी एक पोरगं बसलं होतं. पहिल्या वर्षाला एकोणपन्नास टक्के, एक विषय राहिलेला. मी त्याला म्हटलं, ती पहिली लहर आली तेव्हा लांबीत फरक पडला तो दहाचा उणे एकविसावा घात इतक्या प्रमाणात. चार किलोमीटरची भुजा किती हलली सांग. त्याने तिकिटाच्या मागे मांडलं. चार हजार मीटर, गुणिले दहाचा उणे एकवीस, चार गुणिले दहाचा उणे अठरा. मग न विचारता प्रोटॉनचा व्यास आठवून भागाकार केला आणि म्हणाला, "प्रोटॉनचा चारशेवा भाग, सर. पण हे अंदाजानं. प्रोटॉनचा आकडा मला दोनच अंकांपर्यंत पाठ हाय."

मी म्हटलं, बरोबर.

त्याने तिकीट घडी करून खिशात ठेवलं. "ते झालं सर," तो म्हणाला, "पण तिथं लागायला टक्के किती लागतेत?"